शस्त्रक्रियेनंतरचा काचबिंदू

शस्त्रक्रिया म्हटली की जखम लवकर भरून यावी, ही रुग्णाची, त्याच्या घरच्यांची आणि शस्त्रवैद्याचीही अपेक्षा असते. काचबिंदूची शस्त्रक्रिया मात्र या अपेक्षेला अपवाद आहे, कारण तिच्यात डोळ्याच्या भिंतीला मुद्दाम एक वाट पाडली जाते आणि शरीराने ती वाट बुजवू नये म्हणून पुढे कित्येक महिने प्रयत्न करावे लागतात. वाट गरजेपेक्षा मोठी राहिली तर डोळा ढिला पडतो, ती बुजली तर दाब पुन्हा चढतो, आणि ती वर्षानुवर्षे उत्तम चालली तरी तिच्यावरचे पातळ आवरण एखाद्या दिवशी जंतूंना आत शिरायला जागा देऊ शकते. या गुंतागुंतींचा थोडा भाग शस्त्रक्रियागृहात ठरतो आणि फार मोठा भाग त्यानंतरच्या देखरेखीवर ठरतो. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत रुग्ण आणि शस्त्रवैद्य यांच्यामध्ये घाट, नदी, उसाचा हंगाम आणि एस.टी.चे वेळापत्रक उभे असल्यामुळे देखरेखीचा हा प्रश्न इथे अधिक तीव्र होतो, आणि म्हणूनच या विषयाची मांडणी इथल्या रुग्णाला समोर ठेवून करणे आवश्यक आहे.

डोळ्याच्या पुढच्या भागात, पारपटल म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा आणि परितारिका म्हणजे बुबुळाचा रंगीत भाग यांच्या मधल्या पोकळीत, नेत्रजल नावाचा स्वच्छ द्रव सतत खेळता असतो. तो मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर या गतीने तयार होतो आणि पोकळीच्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून रक्तप्रवाहात परत जातो, त्यामुळे साधारण पावणेदोन तासांत त्या पोकळीतील सगळा द्रव बदललेला असतो. निरोगी डोळ्यातील दाब बहुधा पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. निचरा अडला की दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबाखाली दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, हळूहळू सुकत जाते. बाह्यरुग्ण विभागात ‘नस सुकली आहे’ असे जे सांगितले जाते ते हेच. सुकलेले तंतू पुन्हा जिवंत होत नाहीत, म्हणून थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया यांपैकी कोणताही उपचार गेलेली दृष्टी परत आणत नाही, तो फक्त उरलेली राखतो. भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि आंध्र प्रदेश व चेन्नई परिसरातील पाहण्यांत आढळलेल्या रुग्णांपैकी दहातील नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. याचा परिणाम असा की शस्त्रक्रियेची वेळ येते तेव्हा अनेकांची नस आधीच बरीच सुकलेली असते आणि गुंतागुंत पचवण्याइतकी दृष्टी शिल्लक नसते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे निचऱ्याची वाट किती उघडी ठेवावी या प्रश्नाचाच इतिहास आहे. बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फोन ग्रेफ यांनी १८५७ मध्ये परितारिकेचा तुकडा काढून तीव्र काचबिंदूवर उपाय दाखवला. त्यानंतर डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला, म्हणजे श्वेतपटलाला, आरपार भोक पाडण्याच्या पद्धती आल्या, आणि त्यांतील सर्वांत गाजलेली पद्धत १९०९ मध्ये मद्रासच्या शासकीय नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट यांनी रूढ केली. तिने दाब खात्रीने उतरत असे, पण आरपार भोकावर उरणारे नेत्रश्लेष्मलेचे, म्हणजे डोळ्याच्या वरच्या पातळ त्वचेचे, आवरण इतके विरळ होई की वर्षांनंतरही त्यातून जंतुसंसर्ग होऊन डोळा जात असे. १९६८ मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी या भोकावर श्वेतपटलाचेच अर्ध्या जाडीचे झाकण ठेवून ते बारीक टाक्यांनी बसवण्याची ट्रॅबेक्युलेक्टमी ही पद्धत मांडली. पाटाच्या दाराने पाणी पूर्ण न अडवता हवे तेवढेच सोडावे, तसे हे झाकण काम करते, आणि झाकणाखालून आलेले नेत्रजल वरच्या पापणीआड नेत्रश्लेष्मलेखाली साठून जो उथळ फुगवटा तयार होतो त्याला ब्लेब म्हणतात. आजही जगभर याच शस्त्रक्रियेशी तुलना करून इतर शस्त्रक्रिया जोखल्या जातात.

जखम भरण्याचा शरीराचा स्वभाव मात्र झाकणाने बदलला नाही. त्यासाठी १९८० च्या दशकात कर्करोगावरील दोन औषधे, ५-फ्लुओरोयुरासिल आणि मायटोमायसिन-सी, या शस्त्रक्रियेत आली. मायटोमायसिनमध्ये भिजवलेले स्पंजाचे तुकडे काही मिनिटे नेत्रश्लेष्मलेखाली ठेवून नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुतली जाते, आणि तेवढ्यानेच व्रणाच्या ऊती तयार करणाऱ्या पेशींची वाढ दीर्घकाळ रोखली जाते. यश वाढले, पण त्याची किंमतही द्यावी लागली, कारण हेच औषध जादा झाले की ब्लेब पांढरा, रक्तवाहिन्यांविना आणि कागदासारखा पातळ होतो. औषध छोट्या जागी एकवटून लावण्याऐवजी रुंद पसरून लावावे, झाकणाचे टाके सुरुवातीला घट्ट ठेवून नंतर हळूहळू सैल करावेत, ही लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयातून पसरलेली शिस्त गेल्या काही दशकांतील सर्वांत उपकारक सुधारणांपैकी आहे, असे या क्षेत्राकडे पाहणाऱ्यास म्हणावेसे वाटते. तिला महागडे यंत्र लागत नाही, सवय बदलावी लागते.

कृष्णाकाठी डोळ्याच्या शस्त्रक्रियेवर लोकांचा जो विश्वास आहे तो जुना आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दूरदूरची माणसे मिरजेच्या वाटेला लागली; पुढे १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, १९८४ मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय जिल्ह्याचा आधार राहिले. पण या विश्वासाचा साचा मोतीबिंदूचा आहे. मोतीबिंदूत गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले जाते, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते, समोरचा माणूस दिसतो आणि आठवड्याभरात गावात त्याची चर्चा होते. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी दृष्टी बहुधा आधीपेक्षा अंधूक असते, डोळा खुपतो, आणि सगळे उत्तम झाले तरी रुग्णाला मिळणारा लाभ म्हणजे न घडलेले अंधत्व, जे कोणालाच दिसत नाही. या फरकाची कल्पना शस्त्रक्रियेआधी दिली नाही तर पहिल्याच तपासणीनंतर रुग्णाचा धीर सुटतो, आणि पुढच्या साऱ्या गुंतागुंती त्याच्या गैरहजेरीत वाढतात.

पहिल्या दोन आठवड्यांतील प्रमुख अडचण म्हणजे दाब फार उतरणे. तो पाऱ्याच्या सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा खाली गेला की आधी विचारायचा प्रश्न असा, की पाणी झाकणाखालून जास्त वाहत आहे की नेत्रश्लेष्मलेच्या टाक्यांतून थेट बाहेर गळत आहे. याचा निवाडा करणारी सायडलची चाचणी अतिशय साधी आहे: फ्लुओरेसीन या नारिंगी रंगाची ओली पट्टी ब्लेबवर हलकेच टेकवली जाते आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाचा निळा प्रकाश टाकून पाहिले जाते, गळती असेल तर दाट रंगाच्या थरातून एक उजळ हिरवी, बारीक धार वाट काढत खाली सरकताना दिसते, कारण आतून येणारे नेत्रजल रंगाला पातळ करत असते. ही पट्टी काही रुपयांची असते आणि तालुक्याच्या ठिकाणी स्लिट लॅम्प असलेल्या कोणाही नेत्रतज्ज्ञाला ही चाचणी करता येते, म्हणून आटपाडीच्या रुग्णाला केवळ या एका तपासणीसाठी मिरज गाठायला लावण्याचे कारण नाही. लहान गळती पुष्कळदा जखमेवर पट्टीसारखी बसवलेली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आणि स्टेरॉइड थेंबांच्या प्रमाणातील बदल एवढ्याने थांबते. मोठी असेल तर पुन्हा टाका घालावा लागतो.

दाब उतरला की पुढची पोकळी उथळ होते, आणि तिची खोली ठरवणे हे निर्णयाचे खरे मोजमाप आहे. परितारिका फक्त कडेला पारपटलाला टेकली असेल तर थांबता येते. ती बाहुलीच्या कडेपर्यंत टेकली असेल तर रोज पाहावे लागते. पण भिंगच पारपटलाला टेकले असेल तर काही तासांचाही उशीर चालत नाही, कारण पारपटलाच्या आतल्या थरातील पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत, शिवाय भिंग गढूळ होते. अशा वेळी पोकळीत घट्ट, जेलसारखा द्रव भरून ती तातडीने उभी करतात. याच काळात दृष्टिपटलामागील, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यामागील, रंजितपटल या रक्तवाहिन्यांच्या थराखाली पाणी साठू शकते. ते बहुतेक वेळा बाहुली मोठी करणाऱ्या ॲट्रोपीनच्या थेंबांनी, स्टेरॉइडने आणि धीराने ओसरते, पण त्याच जागी पाण्याऐवजी रक्तस्राव झाला तर तो या शस्त्रक्रियेतील सर्वांत भीतिदायक प्रसंग असतो. खोकल्याची उबळ, शौचाला जोर, जड पिशवी उचलणे यानंतर डोळ्यात एकाएकी असह्य कळ येते आणि दृष्टी जाते. वय जास्त, शस्त्रक्रियेआधीचा दाब फार चढलेला, चष्म्याचा मोठा उणे नंबर, रक्त पातळ करणारी गोळी चालू, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असल्या की धोका वाढतो. गोठलेले रक्त पातळ व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि गरज असेल तर त्यानंतर ते काढले जाते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी बद्धकोष्ठ आणि खोकला यांची विचारपूस करणे ही क्षुल्लक बाब नव्हे, आणि ‘वजन उचलू नका’ या सूचनेत पाण्याची घागर, वैरणीचा भारा आणि दुधाची किटली यांची नावे घेऊन सांगावे लागते, नाहीतर वजन म्हणजे काय हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो.

पोकळी उथळ आणि दाब मात्र चढलेला, असे चित्र दिसले तर उलट दिशेने विचार करावा लागतो. फोन ग्रेफ यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेल्या या विकाराला त्यांनी घातक काचबिंदू असे नाव दिले. यात नेत्रजल पुढे येण्याऐवजी मागच्या काचद्रवात, म्हणजे भिंगामागील जेलीसारख्या द्रवात, वळते आणि भिंगासह परितारिकेला पुढे ढकलते. काचबिंदूत पूर्वी सर्रास दिले जाणारे, बाहुली लहान करणारे पिलोकार्पिन इथे हानी करते आणि ॲट्रोपीन उपयोगी पडते, कारण ते भिंगाला मागे ओढणारे बंध ताणते. औषधांनी भागले नाही तर लेझरने काचद्रवाचे आवरण फोडतात किंवा काचद्रव काढण्याची शस्त्रक्रिया करतात. हा विकार विरळ आहे, पण तो ओळखला नाही तर नेमका उलटा उपचार होतो, म्हणून त्याला विरळपणापेक्षा अधिक जागा द्यावी लागते.

दाब चढलेला, पोकळी खोल आणि ब्लेब सपाट असेल तर झाकण घट्ट बसले आहे असे समजावे. इथे शस्त्रवैद्याने आधी करून ठेवलेली तरतूद कामी येते: सोडता येणारा टाका असेल तर रुग्ण स्लिट लॅम्पसमोर बसलेला असतानाच, भुलीच्या थेंबानंतर, चिमट्याने त्याचे टोक ओढले जाते आणि टाका सरकून निघतो, दाब बघता बघता उतरतो. साधा टाका असेल तर लेझरने तो नेत्रश्लेष्मलेतूनच तोडता येतो. मात्र मायटोमायसिन वापरलेले असतानाही ही संधी काही आठवड्यांपुरतीच असते. तोवर व्रण झाकणाला चिकटला की टाका काढूनही उपयोग होत नाही. मग ब्लेबमध्ये बारीक सुई फिरवून चिकटलेल्या ऊती मोकळ्या करतात आणि तिथे ५-फ्लुओरोयुरासिल टोचतात. जत किंवा माणमधला रुग्ण चौथ्या आठवड्याऐवजी दहाव्या आठवड्यात आला, तर एक टाका ओढण्याच्या कामाचे दुसऱ्या शस्त्रक्रियेत रूपांतर होते; या क्षेत्रातील नुकसानीचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत टाळता येण्याजोगा प्रकार आहे.

हा उशीर निष्काळजीपणातून होतो असे मानणे अन्यायाचे आहे. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतरचे आठवडे सोडता येत नाहीत, ऊसतोड सुरू झाली की घरातील सोबतीला येणारा तरुण माणूस मोकळा नसतो, आणि खटाव-माणमध्ये एका तपासणीसाठी अख्खा दिवस आणि दोन माणसांची मजुरी जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली, रस्ते आणि औषधांची दुकाने बंद झाली. ज्याच्या डोळ्याला नुकतीच वाट पाडलेली आहे त्याच्यासाठी अशा दिवसांत थेंबांची बाटली संपणे आणि गढूळ पाणी डोळ्यात जाणे या दोन्ही गोष्टी सारख्याच धोक्याच्या असतात. शस्त्रक्रियेची तारीख हंगाम आणि पावसाळा पाहून ठरवणे, दाब त्या अवधीत थांबू शकत असेल तर, उपचाराचाच भाग आहे.

थेंबांबाबत एक विसंगती या भागात फार नुकसान करते. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे, सुरुवातीला दर दोन तासांनी, स्टेरॉइडचे थेंब घालावे लागतात, कारण व्रण रोखण्याचे मुख्य काम तेच करतात. डोळा पांढरा दिसू लागला की रुग्ण तेच आधी बंद करतो. याउलट, डोळे खाजणाऱ्या मुलांना किंवा धुळीने लाल झालेल्या डोळ्यांना औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना तेच स्टेरॉइड महिनोन्महिने घातले जाते आणि त्यातून काही जणांना काचबिंदू होतो. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध देणाऱ्या दुकानदाराला हे सांगणे शस्त्रवैद्याइतकेच गावच्या आशा कार्यकर्तीचेही काम आहे.

ज्या डोळ्यात ट्रॅबेक्युलेक्टमी टिकण्याची आशा कमी असते तिथे नळी बसवतात: सिलिकोनची बारीक नळी पुढच्या पोकळीत आणि तिला जोडलेली चकती डोळ्याच्या मागील बाजूस. सतरा केंद्रांत, आधी शस्त्रक्रिया झालेल्या २१२ डोळ्यांवर केलेल्या एका तुलनात्मक अभ्यासात पाच वर्षांत ट्रॅबेक्युलेक्टमी ४६.९ टक्के आणि नळी २९.८ टक्के डोळ्यांत अयशस्वी ठरली. भारतात २०१३ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेली स्वस्त नळी उपलब्ध झाल्याने हा पर्याय सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आला. तिला झडप नसते, म्हणून चकतीभोवती आवरण तयार होईपर्यंत ती विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवतात, आणि हा धागा साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुटतो. त्याच सुमारास दाब एकाएकी उतरू शकतो, आणि त्याच सुमारास रुग्णाला बरे वाटत असल्याने तो यायचे थांबतो. सहाव्या आठवड्याची तारीख घरच्यांना लिहून देणे, आणि शक्यतो फोन करून आठवण देणे, हे या नळीसोबतचे अनिवार्य काम आहे. पुढे नळीवरचे आवरण झिजून ती उघडी पडणे, तिचे टोक पारपटलाला घासणे, दोन-दोन दिसणे, असे दोष वर्षांनंतरही उद्भवतात.

उशिरा येणाऱ्या गुंतागुंतींत जंतुसंसर्गाइतकी घाई दुसरी कोणतीही करत नाही. ब्लेब असलेला डोळा लाल झाला, प्रकाश सहन होईना, दृष्टी अंधुकली किंवा दुखू लागले, तर यांतील एक लक्षणही पुरेसे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, मग शस्त्रक्रियेला दहा वर्षे का झालेली असेनात. संसर्ग ब्लेबपुरता असेल तर तीव्र मात्रेच्या प्रतिजैविक थेंबांनी डोळा वाचतो. तो काचद्रवात पोहोचला तर डोळ्यात व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडिम टोचूनही दृष्टी पुष्कळदा जाते. डोळे येण्याची साथ चालू असताना अशा रुग्णाने ‘सगळ्यांचेच आलेत’ म्हणून चार दिवस थांबणे हा डोळा गमावण्याचा मार्ग आहे. याशिवाय मोतीबिंदू लवकर वाढतो: अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासाने २००१ मध्ये ट्रॅबेक्युलेक्टमीनंतर त्याचा धोका ७८ टक्क्यांनी वाढतो असे दाखवले. ती मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दुसऱ्याच डॉक्टरकडे झाली आणि त्याने ब्लेबच्या जागीच चिरा घेतला, तर चाललेली वाट बुजते.

फार पुढे गेलेल्या काचबिंदूत, दृष्टीचे जेमतेम मध्यभागी एक बेट उरलेले असताना, शस्त्रक्रियेनंतर तेही नाहीसे होण्याची लहानशी शक्यता असते. ती लपवू नये. शस्त्रक्रिया न केल्यास ते बेट जाणारच असते हेही त्याच वेळी सांगावे, आणि निर्णय घरातील कर्त्या माणसाकडून न घेता ज्याचा डोळा आहे त्याच्याकडून घ्यावा. सत्तरीतल्या आजीबाईंना बाहेर बाकावर बसवून मुलाची सही घेण्याची रीत अजून गेलेली नाही, आणि ती जायला हवी.

पुढील प्रकरणांची मांडणी तालुक्याचा नेत्रतज्ज्ञ, परिचारिका, नेत्रचिकित्सा अधिकारी आणि रुग्णाला घेऊन येणारा सुजाण नातेवाईक यांना समोर ठेवून केली आहे. जन्मजात काचबिंदूचा आणि अलीकडच्या सूक्ष्म रोपणांचा विचार इथे केलेला नाही, कारण पहिल्याला स्वतंत्र ग्रंथ हवा आणि दुसऱ्यांचा वापर या दोन जिल्ह्यांत अजून तुरळक आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रुग्णाच्या कार्डावर काय लिहावे याचा नमुना आहे: कोणत्या डोळ्यावर कोणती शस्त्रक्रिया, तारीख, मायटोमायसिन वापरले की नाही, ब्लेब कोणत्या बाजूला, सोडता येणारा टाका ठेवला असल्यास तो केव्हापर्यंत काढावा, आणि लाल डोळा झाल्यास रात्रीही उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक. हे कार्ड मराठीत, ठळक अक्षरांत असावे आणि त्याची एक प्रत रेशनकार्डासोबत ठेवायला सांगावी, कारण ते घरात सहसा हरवत नाही.